खरे आठ मीटर, पडद्यावरचे बारा

जुलै-ऑगस्टात आमच्याकडे मैदान नावाची गोष्टच उरत नाही. वर्धा जिल्ह्यातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पाऊस आला की चपलेला गोळ्यागोळ्यानं चिकटते. अशा मातीत रनअप घेणारा पोरगा पाय मुरगाळूनच घरी येतो. म्हणून पावसाळाभर गावातल्या बॉलरांचा हात बंद. गेल्या वर्षी मात्र आम्हाला कापसाचं एक गोदाम मिळालं. कापूस दिवाळीच्या आसपास यायला लागतो, तोवर ते रिकामं असतं. टिनाचं छत, सिमेंटची जमीन. रनअपला दहा-बारा मीटर सोडले की पुढे आठच मीटर उरायचे. तिथे आम्ही एक जाड पांढरी ताडपत्री टांगली.

पहिल्याच दिवशी माझ्या पुतण्यानं विचारलं, "काका, इतक्याशा जागेत बॉल टाकून का समजते? टप्पा त पडूनच नाही रायला."

त्याचा प्रश्न बरोबर होता. खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत २०.१२ मीटर लांब. आमच्याकडे आठ मीटर. उरलेल्या बारा मीटरचं काय? जगभरात आता या बारा मीटरवर उत्तर शोधलेलं आहे: बॉल खरा टाकायचा, तो हातातून सुटताना सेन्सरनं मोजायचा आणि पुढचा प्रवास संगणकानं पडद्यावर पूर्ण करायचा. पडद्यावर फलंदाजही उभा असतो आणि तो तुमचा बॉल खेळतो. अर्धा खेळ घामाचा, अर्धा गणिताचा. संगणक शिकवणं हेच माझं काम असल्यानं मी त्यात शिरलो आणि चार महिन्यांत जे कळलं ते इथे सांगतो. ही यंत्रणा समजून घ्यायची तर प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट विचारत राहायची: यातलं मोजलेलं किती आणि अंदाजाचं किती?

दोन बॅटऱ्यांचे उजेड

टीव्हीवर पायचीतच्या निर्णयाच्या वेळी निळी-लाल रेघ दिसते, ती तुम्ही पाहिलीच असेल. हॉक-आय हे त्या तंत्राचं नाव. २००१ साली लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत ते पहिल्यांदा टीव्हीवर वापरलं गेलं. पुढे २००८ साली भारताच्या श्रीलंका दौऱ्यात पंचांचा निर्णय तपासायला मागण्याची पद्धत आजमावली गेली, तिथून डीआरएस आलं.

एका कॅमेऱ्याला बॉल कुठल्या दिशेला आहे ते कळतं, किती दूर आहे ते कळत नाही. आमच्याकडे रानडुकरांसाठी रात्री जागल करतात तेव्हाचं उदाहरण घ्या. एका मचाणावरून बॅटरी मारली, डोळे चमकले, तर डुक्कर त्या उजेडाच्या रेषेत कुठेतरी आहे एवढंच समजतं. तूरीत आहे की पलीकडच्या पऱ्हाटीत, सांगता येत नाही. दुसऱ्या धुऱ्यावरच्या मचाणावरूनही कोणी बॅटरी मारली की दोन उजेड जिथे एकमेकांना छेदतात तिथेच जनावर. कॅमेऱ्यांचं अगदी हेच. मैदानाभोवती अनेक कॅमेरे असतात, प्रत्येकाची जागा आधीच मोजून ठेवलेली असते, आणि त्यांच्या रेषा जिथे मिळतात तिथे त्या क्षणी बॉल असतो. अशा जागा क्षणाक्षणाला नोंदवत गेलं की बॉलचा मार्ग तयार होतो.

आता यातला मोजलेला भाग पॅडपर्यंतचाच. पॅडच्या पुढे बॉल गेलाच नाही, त्यामुळे स्टंपपर्यंतची रेघ हा अंदाज. उत्तम अंदाज, पण अंदाजच. 'अंपायर्स कॉल' ठेवला आहे तो यासाठीच: बॉल स्टंपांना निसटता लागतोय असं रेघ सांगत असेल तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो. यंत्र बनवणाऱ्यांनी आणि नियम करणाऱ्यांनी आपल्या यंत्राची हद्द अशी उघडपणे मान्य केली, हे मला या तंत्रातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. आमच्या गोदामात तर अंदाजाचा भाग बारा मीटरचा. म्हणजे सुरुवातीचं मोजमाप किती नेमकं हवं ते बघा.

१४४चा बॉलर

गावात एका पोरानं सगळ्यांना व्हिडिओ दाखवला होता. मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपनं त्याचा वेग ताशी १४४ किलोमीटर सांगितलेला. आनंदानं त्याला रात्री झोप नव्हती. भारताचा वेगवान बॉलर उमेश यादव नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा, टेनिस बॉलवर वाढला, लेदर बॉल त्याच्या हाती उशिरा आला आणि २०११ साली तो कसोटी खेळला. तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक वेगवान पोरगा मनात तेच धरून असतो. तेव्हा १४४ हा आकडा आमच्यासाठी साधा नाही.

त्याचा तोच व्हिडिओ मी चित्र-चित्र पुढे सरकवून पाहिला. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. जमिनीवर चार मीटर अंतरावर दोन खुणा होत्या. बॉल पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत तीन चित्रांत गेला असं ॲपनं धरलं. तीन चित्रं म्हणजे ०.१ सेकंद, चार मीटर भागिले ०.१, सेकंदाला ४० मीटर, ताशी १४४ किलोमीटर. गणित चुकलं नाही. पण खरं अंतर जायला तीनच्या ऐवजी चार चित्रं लागली असतील तर? मग वेग ताशी १०८. तीन आणि चारच्या मध्ये काय झालं ते त्या कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नाही, कारण दोन चित्रांच्या मधल्या वेळात बॉल मीटरभर पुढे निघून जातो.

आम्ही त्याच पोराला गोदामात टाकायला लावलं आणि मोबाइल स्लो मोशनवर, सेकंदाला २४० चित्रांवर ठेवला. चार मीटरला ३१ चित्रं लागली. वेग निघाला ताशी सुमारे १११. इथे एखाद्या चित्राची चूक झाली तरी फरक साडेतीन-चार किलोमीटरचा, ३६चा नाही. पोरगा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, सतराव्या वर्षी, सिमेंटच्या जमिनीवर, अर्ध्या रनअपनं १११, हे खरोखर चांगलं आहे. आणि ते तसं आहेच.

मोबाइलवर वेग मोजणाऱ्यांची आणखी एक चूक सांगतो, कारण ती फार जण करतात. खुणा बॉलच्या मार्गाखाली न करता मागच्या भिंतीवर करतात, सोपं पडतं म्हणून. मोबाइल बॉलच्या रेषेपासून सहा मीटरवर आणि भिंत त्या रेषेच्या दोन मीटर मागे असेल, तर भिंतीवरचे चार मीटर ओलांडताना दिसणारा बॉल प्रत्यक्षात तीनच मीटर गेलेला असतो. म्हणजे ९०चा बॉल १२०चा दिसतो. खुणा जमिनीवर, बॉल जिथून जातो त्याच रेषेत हव्यात.

उजेडाचाही प्रश्न आहे. सेकंदाला २४० चित्रं घ्यायची तर प्रत्येक चित्राला उजेड गोळा करायला फार थोडा वेळ मिळतो. ढगाळ दुपारी टिनाच्या गोदामात बॉल काळपट ठिपका दिसायचा. आम्ही ट्यूबलाइट लावल्या तर दुसरंच झालं: चित्रं एक उजळ, एक अंधारी अशी लुकलुकायला लागली. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास फेरे घेतो आणि जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होते. डोळ्याला ते दिसत नाही, २४० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याला दिसतं. शेवटी गोदामाची दोन्ही मोठी दारं सताड उघडली आणि सकाळी नऊ ते अकरा हीच सरावाची वेळ ठरवली. लाइट गेली तरी अडत नाही, हा वरचा फायदा.

बॉलच्या पोटातला सेन्सर

दुसरा मार्ग म्हणजे सेन्सर बॉलच्या आतच घालणं. कुकाबुरा कंपनीनं असा स्मार्ट बॉल काढला आणि २०२१ साली कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये तो खेळवलाही गेला. बॉलच्या गाभ्यात चिप आणि बॅटरी बसवायची आणि तरी वजन १५५.९ ते १६३ ग्रॅमच्या मधेच ठेवायचं, उसळीही नेहमीसारखीच हवी. हे काम सोपं नाही.

लोकांना वाटतं, आत सेन्सर आहे म्हणजे वेग थेट कळत असेल. तसं नसतं. त्या चिपमध्ये त्वरण मोजणारा भाग असतो, म्हणजे वेग किती बदलतोय हे त्याला समजतं. वेग किती आहे हे नाही. एकसारख्या वेगानं चाललेल्या एसटीत डोळे मिटून बसलात तर गाडी चाळीसनं चाललीय की साठनं, अंगाला कळत नाही, ब्रेक लागला की मात्र लगेच कळतं. त्यात बॉल हवेत मोकळा असतो. विहिरीत उडी मारताना पोटात जो खड्डा पडतो तो आठवा. त्या क्षणी अंगाला स्वतःचं वजन जाणवत नाही. बॉलमधल्या सेन्सरलाही सुटल्यापासून टप्प्यापर्यंत गुरुत्वाकर्षण जाणवत नाही. जाणवतो तो फक्त हवेचा अडथळा, आणि बॉल फिरत असल्यानं तोही क्षणोक्षणी वेगळ्या बाजूनं. त्यामुळे वेग काढायचा तो घड्याळावरून: हातातून सुटल्याचा झटका, आदळल्याचा झटका, मधला वेळ आणि ठाऊक असलेलं अंतर. म्हणजे पुन्हा आपलं पाचवीतलंच गणित.

मग आतल्या सेन्सरचा उपयोग काय? फिरकी. इथे मात्र त्याला तोड नाही. मोठ्या दर्जाचा फिरकीपटू बॉलला मिनिटाला दोन हजार फेरे देतो, सेकंदाला तेहतीस. मोबाइलमध्ये असतो तसा, फिरणं मोजणारा साधा गायरोस्कोप सेकंदाला साडेपाच फेऱ्यांच्या आसपासच हात टेकतो. त्यावर तोड फार सुंदर आहे. चिपमध्ये होकायंत्रासारखा चुंबकीय सेन्सरही ठेवतात. पृथ्वीचं चुंबकत्व जागच्या जागी असतं, बॉल फिरतो. त्यामुळे बॉलच्या प्रत्येक फेऱ्याला त्या सेन्सरचा आकडा एकदा वर जातो, एकदा खाली येतो. लाटा मोजल्या की फेरे मोजले. ०.६ सेकंदाच्या प्रवासात वीस लाटा म्हणजे मिनिटाला दोन हजार फेरे. ज्या गोष्टीच्या बळावर नावाडी दिशा शोधायचे, तीच लेगस्पिन मोजायला उपयोगी पडते.

याचीही हद्द आहे. बॉलचा आस नेमका चुंबकीय रेषेच्या दिशेत आला तर आकडा फारसा हलत नाही, आणि लोखंडी खांबाच्या अगदी जवळ गडबड होते.

बारा मीटरचं गणित

आता पडद्यामागे काय होतं ते पाहू. बॉल कुठून सुटला, किती वेगानं, खाली किती अंश, बाजूला किती अंश, किती फिरत होता: एवढं हाती आलं की संगणक पुढचा मार्ग छोट्या छोट्या पावलांनी काढतो. एक पाऊल सेकंदाच्या हजाराव्या भागाचं. तेवढ्यात १११चा बॉल तीन सेंटीमीटर जातो. प्रत्येक पावलाला संगणक विचारतो: गुरुत्वाकर्षणानं किती खाली ओढलं, हवेनं किती अडवलं, फिरकीनं किती वळवलं? नवी जागा, नवा वेग, पुन्हा तेच. हवेचा अडथळा बॉलप्रमाणे बदलतो. साधा टेनिस बॉल लेदर बॉलएवढाच दिसतो पण वजनाला जेमतेम ५८ ग्रॅम, म्हणून हवा त्याला अडीच-तीन पट जोरानं मंदावते. टेनिस बॉल टाकून संगणकाला लेदर बॉल सांगितला तर पडद्यावरचा सगळा हिशेब खोटा.

तयार यंत्रणांमध्ये हे सगळं बॉल पडद्याला लागायच्या आत व्हावं लागतं. आमच्या मापात बोलायचं तर हातातून सुटल्यापासून पडदा जेमतेम सात मीटरवर. त्यातले पहिले चार मीटर मोजण्यात जातात. उरलेल्या तीन मीटरला बॉल सेकंदाचा दहावा भाग घेतो. पापणी लवते तेवढ्यात मार्ग काढून, बॉल जिथे पडद्यावर आदळला नेमका तिथूनच चित्रातला बॉल पुढे निघाला पाहिजे. तो उशिरा निघाला किंवा हातभर बाजूनं निघाला की टाकणाऱ्याचं मन लगेच सांगतं, हा माझा बॉल नाही. मोबाइलच्या स्लो मोशनवर हे जमत नाही. आमच्याकडे व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायचा, मी लिहिलेला छोटा प्रोग्राम चालवायचा आणि दोन मिनिटांनी पोरांनी पडद्यावर आपला बॉल बघायचा, एवढंच होतं. सहा बॉल झाले की सगळे लॅपटॉपभोवती गोळा व्हायचे.

या गणितात चूक कशी वाढत जाते ते मला आधी नीट ठाऊक नव्हतं. बॉल सुटतानाचा कोन बाजूला फक्त एका अंशानं चुकीचा मोजला, तर स्टंपपर्यंत जाईस्तोवर बॉल ३३ सेंटीमीटर सरकतो. तिन्ही स्टंपांची मिळून रुंदी २२.८६ सेंटीमीटर. म्हणजे मधला स्टंप उडवणारा बॉल पडद्यावर कीपरकडे जातो. खालचा कोन एका अंशानं चुकला तर १११च्या बॉलचा टप्पा पाऊण मीटरहून जास्त मागे-पुढे होतो, आणि चांगल्या लेंथचा (म्हणजे टप्प्याच्या अंतराचा) बॉल ड्राइव्ह करायच्या लेंथचा होऊन बसतो.

स्विंगचं, म्हणजे बॉल हवेतच बाजूला वळण्याचं, तर याहून अवघड. बाजूला ढकलणारा जोर एकसारखा असला तर बॉलचं हलणं वेळेच्या वर्गानं वाढतं. बारा मीटरवरच्या टप्प्यापर्यंत ४५ सेंटीमीटर हलणारा बॉल पहिल्या चार मीटरमध्ये फक्त पाच सेंटीमीटर हललेला असतो. त्या पाच सेंटीमीटरवरून पुढचे चाळीस ओळखायचे. बॉलची शिवण कशी उभी आहे हे स्पष्ट दिसणारा महागडा कॅमेरा असेल तर जमेल. आमच्या मोबाइलमध्ये शिवण दिसतच नाही. म्हणून आमच्या प्रोग्राममध्ये स्विंग मी ठेवलाच नाही. चुकीचा स्विंग दाखवून पोरांना खूश करण्यापेक्षा सरळ बॉल दाखवलेला बरा.

आणि टप्पा. पुतण्याचा पहिलाच प्रश्न. आठ मीटरच्या जागेत बॉल जमिनीला लागतच नाही, त्यामुळे उसळी पूर्णपणे संगणकाच्या मनावर. मी प्रोग्रामला खेळपट्टी कडक सांगितली तर बॉल छातीला येणार, मऊ सांगितली तर गुडघ्याला. आमच्या गावची काळ्या मातीची, रोलर कधीमधी फिरणारी खेळपट्टी, जिच्यावर एकाच जागी पडलेले दोन बॉल दोन उंचीनं येतात, ती कुठल्याच संगणकात नाही. त्यामुळे टप्पा कुठे पडला इथपर्यंत पडद्यावर विश्वास ठेवायचा, त्यापुढचं चित्र म्हणून बघायचं.

पडद्यावरच्या फलंदाजाबद्दल थोडक्यात: तो विचार करत नाही. या लाइनला, या लेंथला, या वेगाला फलंदाज काय करतात याच्या नोंदींवरून त्याला शक्यता दिलेल्या असतात आणि दरवेळी त्यातली एक निवडली जाते. खरा फलंदाज घाबरतो, चिडतो, पुढे सरसावतो. ते अजून यायचं आहे.

शरीराचं एक सांगणं राहिलं. सिमेंटच्या जमिनीवर वेगवान बॉलरनं पूर्ण जोरात टाकू नये. पुढचा पाय आपटतो तो झटका गुडघ्यात आणि कमरेत जातो. आम्ही जिथे पाय पडतो तिथे जुन्या रबरी चटया टाकल्या आणि प्रत्येकाला दिवसाला चोवीसच बॉल ठरवले. बॉल मोजणं हीसुद्धा मोजणीच आहे, आणि वाढत्या वयाच्या पोरांसाठी वेगापेक्षा ती महत्त्वाची.

ओळंबा

सप्टेंबरअखेर मैदान वाळलं. गोदामातले आकडे खरे होते का, हे तपासायची माझी घाई पोरांपेक्षा जास्त होती. खेळपट्टीवर दर मीटरला चुन्याच्या रेषा मारल्या, मोबाइल गोदामात ठेवायचो तसाच त्याच स्टुलावर ठेवला आणि चौघांना सहा-सहा बॉल टाकायला लावले. पुतणा टप्प्याजवळ वाकून बसला आणि प्रत्येक खुणेशी काडी खुपसत गेला.

वेग जवळजवळ जुळले. टप्पे जुळले नाहीत. प्रोग्राम सांगत होता त्यापेक्षा जवळजवळ प्रत्येक बॉल साधारण मीटरभर आखूड पडला होता. आणि चुका इकडेतिकडे विखुरलेल्या नव्हत्या, सगळ्या एकाच बाजूला, सगळ्या सारख्या. असं असतं तेव्हा टाकणाऱ्याचा हात नाही, मोजणाऱ्याचं माप चुकलेलं असतं. संध्याकाळी जुने व्हिडिओ पुन्हा उघडले. गोदामाच्या दाराची चौकट चित्रात किंचित कललेली दिसत होती. जेमतेम एक अंश. स्टुलाचा एक पाय आखूड होता, आणि पावसाळाभर आम्ही तिरक्या मोबाइलनं सरळ बॉल मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मिस्त्रीकाकांकडून ओळंबा आणला. बॉलच्या रेषेमागे बांबू रोवून त्यावर तो टांगला. आता आमच्या प्रत्येक व्हिडिओत डाव्या कोपऱ्यात एक दोरी आणि तिच्या टोकाला पितळी वजन दिसतं, आणि बॉल टाकण्याआधी कोणीतरी ओरडतं, "काका, ओळंबा थांबू द्या."